‘स्टेअरवे’ कुठाय?

“दोन तास बसवून ठेवलं आणि ‘स्टेअरवे’ नाही? फसवणूक आहे ही!”

ठाण्याच्या मित्राचा हा मेसेज आला तेव्हा कळलं, की साहेबांनी एकदाचा ‘बिकमिंग लेड झेपेलिन’, त्या ब्रिटिश रॉक बँडवरचा माहितीपट, बघितला. मी लिहिलं, बाबा रे, माहितीपट संपतो ९ जानेवारी १९७० ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं ‘स्टेअरवे टू हेवन’ बाजारात आलं नोव्हेंबर १९७१ मध्ये. जे गाणं जन्मालाच आलेलं नाही ते दाखवायचं कुठून? तर म्हणतो, “ते मला माहितीये गं, मला शिकवू नकोस. पण शेवटी एखादी झलक? दोन मिनिटं?” मडगावच्या मित्राने त्यावर हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या तोंडांची रांग लावली आणि तो नेहमीप्रमाणे गायब झाला.

चेष्टा सोडा, पण भांडण खरं आहे आणि ते आमच्या कंपूपुरतं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा माहितीपट आयमॅक्सच्या पडद्यांवर आला आणि झेपेलिनच्या चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, इतक्या वर्षांत बँडने पहिल्यांदा माहितीपटासाठी तोंड उघडलं, वर गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू दिली, आणखी काय पाहिजे? दुसरा म्हणतो, हे नुसतं ओवाळणं झालं. बारा वर्षांच्या संसारातलं पहिलं दीड वर्ष दाखवायचं आणि पुढचं सगळं झाकून ठेवायचं. मी पहिल्या तटातली. पण माझी म्हणून एक तक्रार आहे, आणि ती दोन्हीकडे कोणी फारशी करताना दिसत नाही. म्हणून हा लेख.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक बर्नार्ड मॅकमॅहन, सहलेखिका आणि निर्माती ॲलिसन मॅकगॉर्टी. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या महोत्सवात अर्धाकच्चा दाखवला होता, तेव्हा बँडचा गिटारवाला जिमी पेज स्वतः हजर होता. मग सगळं थंड. आमच्यासारखे लोक वाट बघून थकले, मध्ये तर काही जण म्हणायला लागले की पेजनेच अडवला असणार. शेवटी साडेतीन वर्षांनी आला. त्यात बोलतात फक्त चौघं: पेज, गायक रॉबर्ट प्लँट, बेस गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स, आणि १९८० मध्ये गेलेला ड्रमर जॉन बोनम. पाचवा माणूस नाही. समीक्षक नाही, नंतरच्या पिढीचा कोणी गिटारवाला येऊन “त्यांनी माझं आयुष्य बदललं” असं म्हणत नाही. या एका गोष्टीसाठी मी मॅकमॅहनचे पाय धरायला तयार आहे. हल्ली कुठल्याही बँडवरचा माहितीपट लावा, दहाव्या मिनिटाला कोणीतरी टोपीवाला सोफ्यावर बसून डोळे पुसत असतो.

मी तो बर्मिंगहॅममध्ये बघितला. इथल्या एका रुग्णालयात मी फार्मासिस्ट आहे. सोबत मुलगा होता, सोळा वर्षांचा, ड्रम शिकणारा. आणि आमच्या रुग्णालयातला एक पोर्टर, निवृत्तीला टेकलेला, मूळचा जवळच्या रेडिचचा. बोनमही रेडिचचाच. प्लँट वेस्ट ब्रॉमिचचा, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरचा. तरी बर्मिंगहॅम हे शहर मात्र ब्लॅक सॅबथ या दुसऱ्या बँडचं. ब्रॉड स्ट्रीटच्या पुलालाही त्यांचं नाव आहे, तिथल्या बाकावर चौघांचे चेहरे आहेत आणि लोक त्यावर बसून फोटो काढत असतात. झेपेलिनचे अर्धे लोक याच परिसरातले, पण शहराने कधी त्यांना तसं ‘आपली पोरं’ म्हणून मिरवलं नाही. पोर्टरच्या मते याचं कारण सोपं आहे: “ते लंडनला गेले आणि लंडनचे झाले.” हे त्याने प्लँटबद्दल म्हणणं जरा अन्यायाचंच आहे, कारण प्लँट फिरून फिरून याच भागात राहायला आला. पण रेडिचच्या माणसाशी बोनम या विषयावर वाद घालू नये एवढं मी शिकलेय.

थिएटरात गर्दी होती आणि वय फार विचित्र विभागलेलं. निम्मी मंडळी सत्तरीच्या आसपास, काळ्या टी-शर्टात पोट मावत नाही अशी. उरलेली माझ्या मुलाच्या वयाची. मधलं कोणी नाही, मीच काय ती मधली. पहिलं अख्खं गाणं संपलं तेव्हा मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग जरा ओशाळून थांबलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळेच वाजवत होते.

सगळ्यांत मोठा हशा मात्र भलत्याच जागी पडला. प्लँट सांगत असतो, की बोनमच्या बायकोने नवऱ्याला बजावलं होतं, त्या प्लँटच्या नादी लागायचं नाही, कारण त्याच्याबरोबर वाजवलं की घरात एक पैसा येत नाही. प्लँट तेव्हा बिनघराचा, घरच्यांनी नाद सोडलेला. बोनम लग्न झालेला, बापाबरोबर बांधकामावर जाणारा, टिम रोज या गायकाबरोबर दौरे करून आठवड्याचे नियमित पैसे घरी आणायला लागलेला. हे सगळं प्लँट ज्या सुरात सांगतो तो इथला सूर आहे, वेस्ट मिडलंड्सचा, शब्दाच्या शेवटी आवाज खाली टाकणारा. लंडनच्या किंवा मुंबईच्या थिएटरात त्या वाक्याला एवढं हसू फुटलं नसतं. इथे सगळ्यांच्या घरात अशी एक बायको होऊन गेलेली.

आणि मग बोनमचा आवाज.

याच्याबद्दल ऐकून होते, तरी तयारी नव्हती. बोनम फारसा मुलाखती द्यायचा नाही. एका ऑस्ट्रेलियन पत्रकाराने घेतलेलं एक जुनं ध्वनिमुद्रण या मंडळींनी शोधून काढलं आणि माहितीपटाचा चौथा निवेदक म्हणून वापरलं. युक्ती अशी, की ती टेप त्यांनी उरलेल्या तिघांना ऐकवली आणि ऐकताना कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला. बोनम मित्रांबद्दल बोलतोय, आवाज मऊ, जवळजवळ लाजरा. ड्रमवर जो माणूस भिंत पाडायला निघाल्यासारखा दिसतो त्याचा हा आवाज आहे हे पटतच नाही. प्लँट आधी हसतो. मग हसणं तसंच राहतं आणि डोळे दुसरीकडे जातात. पेज मान किंचित वाकडी करून ऐकतो, रेकॉर्डिंगच्या खोलीत सूर तपासताना माणूस ऐकतो तसा. कोणी काही बोलत नाही आणि दिग्दर्शकही त्यांना बोलायला लावत नाही. माझ्या शेजारचा पोर्टर पुढे सरकून, हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “बाकीचं सगळं मला पाठ आहे. हा आवाज नव्हता.” पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाचे ड्रम ऐकतोय त्याचं साधं बोलणं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

रेडिचच्या भर चौकात बोनमचा ब्राँझचा पुतळा आहे, २०१८ मध्ये, तो हयात असता तर सत्तर वर्षांचा झाला असता त्या दिवशी बसवलेला. पण खरे भक्त जातात रशॉकला. वूस्टरशरमधलं एवढंसं गाव, तिथल्या चर्चच्या आवारात त्याची कबर. लोक तिथे ड्रमच्या काड्या ठेवून जातात, झांजा ठेवतात. मुलाने तिथली एक काडी उचलून बघितली, टोकाला चांगली झिजलेली होती. कोणीतरी आपली वापरलेली काडी आणून ठेवली होती, नवी विकत घेऊन नाही. मुलगा म्हणाला, “सेव्हन ए. बोनमला ही पेलली नसती, त्याच्या याहून कितीतरी जाड होत्या.” कबरीपाशीही हिशेब चालू.

या पोराची माहितीपटावरची प्रतिक्रिया तर अजून वेगळी. त्याला पेजचे किस्से, प्लँटचे केस, जोन्सचं चर्चमधलं ऑर्गन, कशाशीच घेणं नाही. त्याला पाय बघायचे होते. पहिल्या रेकॉर्डचं पहिलंच गाणं घ्या, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. त्यात बोनम एका पायाने, एकाच पेडलवर, बेस ड्रमचे तिहेरी ठोके एवढ्या वेगाने काढतो की त्या काळी ऐकणाऱ्यांना वाटलं हा दोन बेस ड्रम वाजवतोय. मुलगा अंधारात आपल्या टाचेने ते धरायचा प्रयत्न करत होता. पहिला ठोका सुटतो, दुसरा-तिसरा जुळतात, पुन्हा पहिला सुटतो. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून बघितलं, मला वाटलं आता रागावणार. त्यांनी हाताने खूण केली: टाच नको, चवडा. मग ते स्वतः चवड्याने करून दाखवायला लागले. पडद्यावर पेज बोलत होता आणि माझ्या पुढे-शेजारी दोन पिढ्या जमिनीवर पाय आपटत होत्या.

अख्खी गाणी वाजू देण्याचा फायदा हा. नाहीतर माहितीपटवाले काय करतात, गाणं सुरू झालं की आठ सेकंदांत त्यावर कोणाचं तरी बोलणं चढवतात. इथे गाण्याला गाण्यासारखं वागवलंय. १९६९ मधल्या एका टीव्ही कार्यक्रमाची फिल्म आहे: प्रेक्षकांत कोट घातलेले बाप्ये, नटूनथटून आलेल्या बायका आणि पुढे मुलं, कानांत बोटं घालून बसलेली. कोणाच्याच तोंडावर ‘आपण इतिहास बघतोय’ असा भाव नाही. एका बाईंचा चेहरा तर सोसायटीच्या गणपतीत डीजे लावल्यावर आमच्या आईचा होतो तसा झालाय. आमच्या थिएटरात लोक त्या प्रेक्षकांना हसत होते, पण मला ते फार प्रामाणिक वाटले. पहिल्या रेकॉर्डची तर ‘रोलिंग स्टोन’ मासिकानेही सालटी काढली होती. आज आपण शहाणे.

आता तक्रारवाल्यांकडे येते. त्यांचे दोन गट. जाणकार संग्राहक म्हणतात, अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम आमच्याकडे २००३ च्या डीव्हीडीत पडलेलाच आहे, यात नवीन ते काय? हे खरं आहे. ती डीव्हीडी पेजने स्वतः बसून केली होती, पाच तासांहून अधिक ऐवज, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याला गाण्यांपुरतं इथे फार काही नवं सापडणार नाही. पण घरच्या पडद्यावर ते बघणं आणि सहा मजली पडद्यावर बोनमची काठी झांजेवर उतरताना बघणं यात फरक आहे, यावर मी वाद घालणार नाही. ज्याने अनुभवलं त्याला कळलं.

दुसऱ्या गटाला मसाला हवाय. हॉटेलं, दौरे, दारू, मुली, काळी जादू. त्यांचं म्हणणं, हे सगळं वगळून केलेला झेपेलिन म्हणजे धुऊन इस्त्री केलेला झेपेलिन. इथे मी जरा थांबते. त्या दौऱ्यांत जे झालं त्यातलं बरंच आज वाचलं तर अंगावर काटा येतो, आणि त्याला ‘रॉकचा जल्लोष’ म्हणायचे दिवस गेले, ते बरंच झालं. त्याबद्दल कोणीतरी सरळ प्रश्न विचारायला हवेत. पण तिघांना त्यांच्याच संमतीने खुर्चीवर बसवून केलेल्या माहितीपटात ते प्रश्न येतील ही अपेक्षा कोणी का धरावी? १९७५ मध्ये प्लँट कुटुंबाचा ग्रीसमधल्या रोड्स बेटावर अपघात, १९७७ मध्ये प्लँटचा पाच वर्षांचा मुलगा गेला, त्याच दौऱ्यात ओकलंडला त्यांच्या माणसांनी आयोजकाच्या माणसाला बदडून काढलं, १९८० च्या सप्टेंबरमध्ये पेजच्या घरी बोनम गेला, बत्तीस वर्षांचा. डिसेंबरात बँड संपला. प्लँट या गोष्टींवर कॅमेऱ्यासमोर बसेल? मला नाही वाटत. बसू नये असंही वाटतं.

शिवाय यांनी एकदा स्वतः पिक्चर काढून बघितला होता, १९७६ चा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले १९७३ चे कार्यक्रम, आणि मधे मधे प्रत्येकाचा आपापला स्वप्नप्रसंग: कोणी तलवार घेऊन घोड्यावर, कोणी डोंगर चढतोय. राहिलेली दृश्यं नंतर उभी करताना जोन्सने केस कापलेले होते म्हणून त्याला टोप घालावा लागला. तो बघितल्यावर मॅकमॅहनची कोरडी शिस्त किती सोन्यासारखी आहे ते कळतं.

तर मी १९७० ला थांबण्याच्या बाजूची. मला तर ते अगदी सोयीचंही आहे, कारण माझा झेपेलिन तेवढाच होता. मावसभाऊ काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन्‌तास उभा राहून फुकट ऐकायचा आणि कोणाच्या तरी रेकॉर्डवरून उतरवलेली टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट डोंबिवलीला आणायचा. एका बाजूला पहिली रेकॉर्ड, दुसऱ्या बाजूला दुसरी. लेबलवर बॉलपेनने ‘एल.झेड. १, २’, बस. कोण गातो, कोण वाजवतो, गाणी कोणाची, काही पत्ता नाही. दोन वर्षं मी प्लँटला बाई समजत होते असं दादा अजून चारचौघांत सांगतो. (साफ खोटं आहे. पहिले दोन आठवडे.)

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. नावांची.

माहितीपटाचा पहिला भाग मला सगळ्यांत आवडला, बँड जमायच्या आधीचा. तेरा वर्षांचा पेज बीबीसीवर गिटार वाजवतोय आणि मोठा होऊन काय करणार विचारल्यावर जीवशास्त्रातलं संशोधन म्हणतोय. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा जोन्स. पुढे दोघं लंडनच्या स्टुडिओंतले भाडोत्री वादक होतात. सकाळी जाहिरात, दुपारी कोणा गायिकेचं गाणं, संध्याकाळी सिनेमाचं पार्श्वसंगीत. १९६४ चं शर्ली बॅसीचं ‘गोल्डफिंगर’, जेम्स बाँडचं ते पितळी गाणं, त्याच्या रेकॉर्डिंगला हे दोघं होते. रोलिंग स्टोन्सच्या ‘शीज अ रेनबो’तली व्हायोलिनं जोन्सने बांधलेली. रेकॉर्डवर यांची नावं नसायची. पैसे घ्यायचे, पुढच्या स्टुडिओत जायचं.

हे बघताना मडगावच्या मित्राचा मेसेज आलाच: “हे आमचंच.” त्याचे एक नातेवाईक मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे संगीत संयोजक शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना आकार देत होते आणि पडद्यावर त्यांचं नाव कुठे तरी बारीक अक्षरांत, बहुतेकदा तेही नाही. वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवाल्याचं तर नावच सोडा. लंडनमध्ये तेच चाललं होतं. जोन्सच्या बोलण्यात त्याची कटुता अजिबात नाही, उलट तो मिस्कील आहे आणि सगळ्यांचं म्हणणं हेच, की या माहितीपटाचा छुपा नायक जोन्स निघाला. बँडमध्ये बारा वर्षं जो मागे उभा राहिला त्याला शेवटी मोठ्या पडद्यावर पोटभर बोलू दिलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

पेजनेही याच शहाणपणातून पहिली रेकॉर्ड स्वतःच्या पैशांनी केली. ऑलिंपिक स्टुडिओत जेमतेम छत्तीस तास. म्हणजे टेप आपली, निर्णय आपले, कंपनीने नंतर फक्त विकायची. हे सगळं माहितीपट फार छान समजावतो. प्लँटचं मात्र गीतकार म्हणून त्या रेकॉर्डवर नाव नाही, कारण तो तेव्हा सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी बांधलेला होता. म्हणजे नाव गाळलं जाणं म्हणजे काय हे या मंडळींना चांगलं माहीत होतं.

मग विली डिक्सनचं नाव का नाही?

‘होल लोटा लव्ह’ हे दुसऱ्या रेकॉर्डचं पहिलं गाणं माहितीपटात असं दणक्यात येतं की खुर्ची हलते. त्यातले बरेचसे शब्द अमेरिकन ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या गाण्यातले, जे ब्लूज गायक मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलं होतं. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं आणि आता त्याचं नाव गीतकारांत आहे. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ तर जेक होम्स नावाच्या गायकाचं १९६७ चं गाणं. पेजच्या आधीच्या बँडने, यार्डबर्ड्सने, ते न्यूयॉर्कमध्ये त्याच्याच तोंडून ऐकलं. होम्सने २०१० मध्ये दावा लावला, तोही मिटला आणि पुढच्या प्रकाशनात ‘जेक होम्सवरून स्फुरलेलं’ असं आलं. माहितीपट हे गाणं मनसोक्त वाजवतो, पण या दाव्यांचा विषयही काढत नाही.

चाहत्यांपुढे हा विषय काढला की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, ब्लूजमध्ये सगळे एकमेकांचं घेतातच. दुसरं, ‘स्टेअरवे’ची सुरुवात चोरल्याचा खटला शेवटी ते जिंकले ना? जिंकले, २०२० मध्ये, आणि मला विचाराल तर बरोबरच जिंकले. सुरांची ती उतरण कोणाच्याही मालकीची नाही. पण म्हणून डिक्सनचं गाणं डिक्सनचं राहत नाही का? घराण्याची बंदिश गाताना आपल्याकडे गायक कानाला हात लावतो. गाण्यात भर कितीही घाला, कानाला हात लावायला काय जातं? आणि मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हे, की हाच मॅकमॅहन ‘अमेरिकन एपिक’ करून आलेला माणूस. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पहिल्यांदा रेकॉर्ड झालेल्या गरीब गायकांची नावं-गावं शोधत तो वर्षानुवर्षं फिरला, त्या काळचं रेकॉर्डिंगचं यंत्रसुद्धा पुन्हा उभं केलं. नावाची किंमत त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मसाला गाळला ते समजू शकते. हे दोन मिनिटांत सांगून झालं असतं आणि पेज-प्लँट लहानही झाले नसते.

ठाण्याच्या मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, मी मजा किरकिरी करते. म्हटलं, तू ‘स्टेअरवे’साठी रडतोस, मी डिक्सनसाठी, दोघांचं सारखंच.

दुसरा भाग यावा असं मात्र आम्हा सगळ्यांना वाटतं, आणि त्यात आमचा स्वार्थ आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईला आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात ते एका रात्री वाजवून गेले. त्या रात्री आपण तिथे होतो असं सांगणारे इतके मुंबईकर मला भेटलेत, की क्लब वानखेडेएवढा असला पाहिजे. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन स्टुडिओत आपलीच दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. तबला आहे, तंतुवाद्यांचा ताफा आहे. ती टेप कपाटात पडून राहिली आणि अधिकृतपणे बाहेर आली थेट २०१५ मध्ये.

मला त्यातलं ‘फोर स्टिक्स’ जास्त आवडतं. मूळ गाण्यात बोनम दोन्ही हातांत दोन-दोन काड्या धरून बडवतो म्हणून ते नाव. मुंबईत ते ‘फोर हँड्स’ झालं आणि तबल्यावर आलं. ठेका चालतो खरा, पण मधेच अशी एक जागा येते जिथे तबलजी आणि गिटार एकमेकांची वाट बघतात, अर्ध्या मात्रेपुरती. कोणीतरी कोणाला मान हलवून ‘ये’ म्हटलं असणार असं वाटतं, आणि मग सगळे एकदम येतात. सिनेमाच्या स्टुडिओत जन्म काढलेला माणूसच अशी जागा इतक्या सहज सांभाळू शकतो. ते वादक सकाळी कदाचित कुठल्याशा हिंदी गाण्याचं रेकॉर्डिंग आटपून आले असतील. गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय, ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

मडगावचा मित्र आता आपल्या त्या नातेवाइकांच्या जुन्या सोबत्यांना फोन करत सुटलाय. बरेचसे नव्वदीच्या घरात, काहींना ऐकू येत नाही, एका काकांनी “ते केसाळ गोरे ना?” म्हणून सुरुवात केली आणि मग बीटल्सची गोष्ट सांगितली. तुमच्या घरात त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारं कोणी असेल, तर विचारून बघा आणि मला कळवा. नाव आणि वाद्य, दोन्ही लिहा.